शेवटचा चेंडू छातीवर

५ ऑगस्ट, मंगळवार

पोचलो एकदाचा स्कार्वोयला. हा माझा नववा क्लब. आईला फोन केला तर म्हणते, "वेगार्ड, बॅग पूर्ण उघडू नकोस रे, परत भरताना तुझी चिडचिड होते." तेहतीस वर्षांच्या गोलकीपरला त्याची आईच असं बोलते, मग प्रेक्षकांना काय नावं ठेवायची!

बेट एवढंसं. एक दुकान, एक चर्च, मासे साफ करायचा कारखाना, आणि समुद्राकडे पाठ करून बसलेलं मैदान. वारा असा की मी मारलेला चेंडू परत माझ्याकडेच यायला बघतो. मला घेतलंय नोव्हेंबरपर्यंत, राखीव गोलकीपर म्हणून. म्हणजे बाकावर बसायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि पहिल्या गोलकीपरला काही झालं तरच उठायचं. इथल्या पहिल्या गोलकीपरला कधी काही होत नाही म्हणे.

ओद्वार त्याचं नाव. वय अडतीस. सकाळी शाळेत पोरांना सुतारकाम शिकवतो, संध्याकाळी गोलमध्ये उभा राहतो. जन्मभर हाच एक क्लब. मला उतरवून घ्यायला धक्क्यावर तोच आला होता. माझी बॅग उचलून म्हणाला, "एवढीच? नऊ क्लब फिरलास ना तू?"

मी म्हटलं, "प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं विसरून येतो."

खो खो हसला. माणूस आवडला मला, हीच तर पंचाईत आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

बाकावर. टाळ्या वाजवल्या. जिंकलो.

मॅचच्या आधी ओद्वारवर चेंडू मारायचं काम माझं. गोलकीपरला वेगळा ट्रेनर ठेवण्याइतका हा क्लब श्रीमंत नाही, म्हणून आम्हीच एकमेकांचे मास्तर. आधी सरळ हातात, मग दोन्ही बाजूंना, मग उंच, मग कचकचून. आणि शेवटचा चेंडू छातीवर, हलका. हे मला कुणी सांगावं लागत नाही. देशातल्या कुठल्याही मैदानावर जा, राखीव गोलकीपर शेवटचा चेंडू असाच मारतो. समोरच्यानं तो कुशीत घ्यायचा, काखोटीला मारायचा आणि कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागायचं. मॅचला जाताना मनात नीट पकडलेला चेंडू असावा, एवढंच. त्या चेंडूला गोलकीपर तयारीत उभाच राहत नाही. हात सैल, बोटं सैल, डोकं केव्हाच मॅचमध्ये गेलेलं.

आज चेंडू काखेत मारून ओद्वार म्हणाला, "वा. लोणी आहे रे तुझ्या पायात."

मॅचनंतर वॅफलच्या, म्हणजे इथल्या जाळीदार गोड धिरड्यांच्या, टपरीवर गेलो. ती टपरी ओद्वारची बायको युरून चालवते, क्लबसाठी, फुकट. तिनं माझ्या वॅफलवर एवढा जॅम थापला की मनगटापर्यंत ओघळला. "खा," म्हणाली, "बाकावर बसून थंडी जास्त वाजते."

२८ ऑगस्ट, गुरुवार

दर गुरुवारी जेवायला मी ओद्वारकडे, हे आता ठरूनच गेलंय. आज उकडलेला कॉड मासा, बटाटे, गाजरं. जेवण झाल्यावर त्यानं अकॉर्डियन काढलं. वाजवतो बरं, पण गातो भयंकर. युरून म्हणाली, "ह्याच्या गाण्यावर मी एकदाच भाळले, तेव्हा कानात दडे बसले होते माझ्या."

हा त्याचा शेवटचा हंगाम. नोव्हेंबरमध्ये थांबणार. किती वर्षं झाली, एकही मॅच चुकवलेली नाही पठ्ठ्यानं. ताप होता तरी खेळला, बाप गेला त्या आठवड्यातही खेळला. "शेवटपर्यंत असंच जायचंय," म्हणाला. "मग युरून म्हणेल ते."

"मी म्हणणार, माळा आवर," युरून म्हणाली.

त्यांच्या भिंतीवर फोटोच फोटो, सगळे एकाच निळ्या शर्टात. पोट सुटत गेलं, केस उडत गेले, शर्ट तोच. माझे नऊ रंगांचे शर्ट आईकडे खोक्यात पडलेत. घरी येताना जरा वाईट वाटलं. हेवा म्हणा हवं तर. असतो माणसाला.

३० ऑगस्ट, शनिवार

ट्रेनर हाल्गेइरनं बोलावलं. माणूस सरळ, साखर लावून बोलत नाही. म्हणाला, "वेगार्ड, पुढच्या वर्षाचं विचारत होतास ना? ओद्वार थांबतोय, जागा आहे. पण तू खेळलाच नाहीस तर मी काय बघून ठेवू तुला? सरावात सगळेच चांगले दिसतात."

"मग एखादी मॅच द्या ना."

"ओद्वारला बसवून? शेवटच्या हंगामात? गाव मला समुद्रात बुडवेल."

बरोबरच आहे त्याचं. नोव्हेंबरनंतर मी पुन्हा बॅग घेऊन धक्क्यावर. दहावा क्लब मिळेल की नाही देव जाणे. मिळाला नाही तर काय करू मी? सतराव्या वर्षापासून दुसरं काही शिकलोच नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

ओद्वारचं बोट मोडलं. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. वॉर्मअपमध्ये. चेंडू ओला होता आणि वारा होता.

मी खेळलो. १–१.

१ सप्टेंबर, सोमवार

त्याला बोटीनं ट्रोम्सोच्या इस्पितळात नेलंय, शस्त्रक्रिया करतील. हाड मोडलंच, शीर पण तुटली. हंगाम संपला म्हणतात त्याचा.

सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझा काय दोष," म्हणाले. वॉर्मअपमध्ये बोटं जातातच, कुणाही गोलकीपरला विचारा. ओला चेंडू पायावरून घसरतो, हेही विचारा.

घसरलेला चेंडू बाजूला जातो सहसा. हा सरळ गेला. असतात असे योगायोग.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज गुरुवार म्हणजे जेवायला जायचं की नाही, हा विचार सकाळपासून डोकं खात होता. शेवटी युरूनचाच फोन आला. "येतोयस ना? मटण-कोबी केलाय."

गेलो. ओद्वारच्या हाताला हे एवढं बँडेज, बोटातून तार बाहेर आलेली. मटणाचं हाड सोडवता येईना त्याला. मी सोडवून दिलं. म्हणाला, "बघ युरून, गोलकीपर गोलकीपरची कशी काळजी घेतो." मी दुसरंही हाड सोडवून दिलं.

अकॉर्डियन पेटीत होतं. कुणी विषय काढला नाही.

भांडी घासताना युरून म्हणाली, "माझ्या टपरीतून त्या बाजूचा गोल अगदी समोर दिसतो, माहितेय तुला? तव्यावरून मान वर केली की गोलच." मी म्हटलं, हो का. बिचारीला वॅफल भाजायच्या नादात मॅच धड बघायला मिळत नाही, म्हणून म्हणाली असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

वॉर्मअपला मी एकटाच भिंतीवर चेंडू मारत होतो. तेवढ्यात कोटाच्या खिशात बँडेजचा हात घालून ओद्वार मैदानात आला. "सरक," म्हणाला, "भिंतीला काय कळतंय गोलकीपिंगमधलं. पाय शाबूत आहेत माझे."

सगळं केलं त्यानं. हातात, बाजूंना, उंच, कचकचून. शेवटी चेंडू समोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात असे घट्ट पुढे धरले की जणू तोफ सुटणार आहे.

"सैल सोड हात," तो म्हणाला. "शेवटचा आहे."

आणि हलका मारला. छातीवर. मी पकडला आणि काखोटीला मारला.

मॅचमध्ये पेनल्टी अडवली. पेपरात फोटो येणार आहे. आईचा फोन आला. "अरे, मग आवाज असा का? कुणी मेलंय का?"

"सर्दी झालीय."

"तुला बरी नेमकी जिंकल्यावर सर्दी होते," ती म्हणाली.

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा जिंकलो. गुणतक्त्यात खालून तिसरे होतो, आता थोडे वर सरकलो. लोक माझ्या नावानं ओरडतात. सोळा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं मी. ऐकून अंगावर काटा यायला हवा होता. मी मात्र बाकाकडे बघत होतो. तिथे ओद्वार एका हातानं मांडीवर टाळी वाजवत होता.

वॉर्मअपचा शेवटचा चेंडू आजही हलका. छातीवर.

युरूननं वॅफल दिलं. जॅम अगदी नावाला, चमचा नुसता पुसल्यासारखा. क्लबची काटकसर चालली असेल. मागच्या माणसाच्या वॅफलवर मात्र ढीग होता. असेल तो तिचा नातेवाईक.

२ ऑक्टोबर, गुरुवार

जेवताना ओद्वार म्हणतो, "मला डोळे झाकून सांगता येतं चेंडू कुणी मारला ते. आवाजावरून. हाल्गेइरचा पाय थपकन वाजतो, जुन्या दारासारखा."

युरून म्हणाली, "आणि वेगार्डचा?"

"वेगार्डचे दोन आवाज आहेत," तो म्हणाला आणि बटाटा सोलायला लागला. एका हातानं सोलत होता, कौतुकच वाटलं.

उजव्या आणि डाव्या पायाचे म्हणत असेल. मी डाव्यानंही बरा मारतो.

नंतर शाळेची गोष्ट निघाली. रंधा दोन हातांनी धरावा लागतो, त्यामुळे पोरांना नुसतं तोंडानं सांगतो सध्या. "ती खूश आहेत," म्हणाला, "सगळ्यांचे स्टूल लंगडे झालेत."

ते दोघं हसले. मीही हसलो, आणि हसताना स्वतःची इतकी घाण वाटली की तोंड धुवायचं निमित्त करून उठलो.

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकतो. इतके दिवस ओला चेंडू, वारा, काय काय लिहिलं. स्वतःच्या वहीत कुणाला फसवतोय मी?

त्या रविवारी वॉर्मअप संपत आला होता. ओद्वार नेहमीसारखा थट्टेत होता. म्हणाला, "युरूनला सांगून बाकावर गादी टाकून देऊ का रे तुला? मुक्काम लांबचा दिसतोय." रोजच असं बोलतो तो, मीही उलट बोलतो. पण आदल्याच दिवशी हाल्गेइर बोलला होता. ती गादी मला लागली कुठेतरी.

मी शेवटचा चेंडू समोर ठेवला. ओद्वारनं हात सैल सोडले, मान वळवून टपरीकडे काहीतरी बघत होता. शेवटच्या चेंडूला कुणी मागे जाऊन धावत येतं का? मी गेलो मागे. धावत आलो. आणि मारला, पेनल्टी मारतात तसा.

त्याचं बोट मोडावं असं नव्हतं मनात. देवाशपथ नव्हतं. मला एवढंच हवं होतं की चेंडू त्याच्या हातून सुटावा. सुटलेला चेंडू मनात घेऊन त्यानं मॅचला उभं राहावं, एखादी चूक करावी, आणि हाल्गेइरनं एकदा तरी बाकाकडे बघावं. म्हणजे मी त्याचं मन मोडायला निघालो होतो आणि बोट मोडलं. हे काय कमी नीच आहे?

चेंडू लागल्यावर तो ओरडला नाही. ग्लोव्ह काढला, बोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "जा, तयारी कर. तू खेळतोयस."

आता त्याला सांगायचं. सांगायलाच हवं. त्याशिवाय घास गिळवत नाही मला त्याच्या घरात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

रात्रभर बर्फ पडला. उद्या मॅच, म्हणून सकाळी सगळं गाव फावडी घेऊन मैदानावर. इथे श्रमदानाला आला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. पाद्रीबाई सुद्धा ढीग उपसत होत्या. ओद्वार एका हातानं फावडं ओढत होता. मी मुद्दाम त्याच्या शेजारची रांग धरली.

आम्ही गोलपाशी आलो. तोच गोल. दुसरं कुणी जवळ नव्हतं. म्हटलं आत्ता नाही तर कधीच नाही.

"ओद्वार, त्या दिवशी…"

तो थांबला. फावडं बर्फात खोचलं, त्यावर कोपर टेकलं आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. "कुठल्या दिवशी?"

घाई नव्हती त्याला. पोरगं फळ्यापाशी अडलं की मास्तर थांबतो, तसा थांबला होता. सांगितलं तर पुढच्या वर्षाचा करार गेला, हे पहिल्यांदा मनात आलं. बोट नंतर आलं. तेच तर मला माझ्याबद्दल कळायला नको होतं.

"त्या दिवशी वारा फार होता ना?" मी म्हटलं.

"वारा? असेल," तो म्हणाला आणि फावडं उचललं.

मी भित्रा आहे. पेनल्टीला न हलणारा मी, एका वाक्याला घाबरलो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काल बरोबरी झाली आणि आम्ही वाचलो, क्लब खालच्या लीगमध्ये जात नाही आता. आज हाल्गेइरनं करार पुढे ठेवला. दोन वर्षांचा, पहिला गोलकीपर म्हणून. जन्मात मला कुणी दोन वर्षं दिली नव्हती.

मी पेन हातात घेऊन नुसता बसलो. हाल्गेइर म्हणाला, "अरे, खरं सांगायचं तर मी एकाच वर्षाचा विचार करत होतो. ओद्वार मागे लागला. म्हणाला, ह्याला दोन वर्षं बांधून ठेव, जाऊ देऊ नकोस. त्याचा शब्द मोडवत नाही मला."

आता ह्याला काय म्हणावं? ज्याचं बोट मी मोडलं तो माझी रदबदली करतोय. देवमाणूस! आणि मी बसलोय मूग गिळून.

सही केली. हो, केली. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. "उघड रे आता ती बॅग!"

बॅग तशीच पलंगाखाली आहे. दहाव्या क्लबसाठी एजंटला गुपचूप फोन करावा असंही मनात येऊन गेलं. दर वेळी तेच करतो मी. काही बिघडायला लागलं की बॅग उचलायची आणि बोट पकडायची, मग मागे काय बिघडलं ते बघावं लागत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटची मॅच. ओद्वारचा निरोप. डॉक्टरनं शेवटची काही मिनिटं खेळायला हो म्हटलं होतं, दोन बोटं एकत्र बांधून. दुपारीच अंधार, दिवे लावलेले, सगळं बेट मैदानावर.

वॉर्मअपला नेहमीसारखा तोच मला चेंडू मारत होता. हातात, बाजूंना, उंच, कचकचून. मग शेवटचा. छातीवर, हलका. मी तो काखोटीला मारून निघालो.

"कुठे चाललास?" तो म्हणाला. "मीही खेळणार आहे आज. मला कोण देणार शेवटचा?"

त्यानं ग्लोव्ह्ज चढवले. डाव्यातलं एक बोट वाकडंच राहिलंय, ग्लोव्हमधूनही दिसतं. तो गोलमध्ये जाऊन उभा राहिला, त्याच जागी. हात सैल सोडले. ह्या वेळी टपरीकडे बघत नव्हता, सरळ माझ्याकडे बघत होता.

मी चेंडू ठेवला. इतका जपून मारला, इतका जपून, की चेंडू रखडत रखडत गेला आणि त्याच्या बराच अलीकडे थांबला.

ओद्वार चेंडूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सैतानाच्या! तेव्हा तसा आणि आता असा? मधला मारताच येत नाही का रे तुला?"

टपरीपाशी उभे असलेले लोक हसले. त्यांना वाटलं थट्टा चाललीय. युरून हसली नाही. तव्यावरून मान वर करून ती आमच्याकडे बघत होती, आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. टपरीतून समोर दिसणारा गोल. दोन आवाज. पुसलेला चमचा. पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना. दोघांनाही. आणि दर गुरुवारी मला जेवायला बोलावून माझ्या ताटात बटाटे वाढत होते.

"ओद्वार," मी म्हटलं, "मी मुद्दाम मारला होता."

"माहितेय," तो म्हणाला. वाकून चेंडू उचलला आणि माझ्याकडे घरंगळत सोडला. "मार आता. गार पडतोय मी."

मी मारला. छातीवर. त्यानं कुशीत घेतला, काखोटीला मारला आणि माझ्या शेजारून चालत गेला. थांबला नाही.

मॅच ऐंशीव्या मिनिटाच्या पुढे गेल्यावर खेळाडू बदलायची पाटी वर झाली. माझा नंबर लाल, त्याचा हिरवा. मी बाहेर, तो आत. रेषेवर ग्लोव्हला ग्लोव्ह लावतात, तो लावला त्यानं, सगळ्या गावादेखत. एकच चेंडू आला त्याच्याकडे, साधाच. त्यानं पकडला तर लोक वेड्यासारखे ओरडले. मी बाकावर बसून ढसाढसा रडलो. शेजारच्यानं मला मिठी मारली, म्हणाला, "किती जीव आहे रे तुझा त्याच्यावर!"

१० नोव्हेंबर, सोमवार

काल मॅचनंतरचं लिहायचं राहिलं. हात चालत नव्हता.

खोली रिकामी झाल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. तो बोटाची पट्टी सोडवत होता. मी म्हटलं, करार फाडतो, हाल्गेइरला सगळं सांगतो, उद्याच्या बोटीनं जातो.

"जाशील ना," तो म्हणाला. "तेच येतं तुला. म्हणून तर हाल्गेइरच्या मागे लागलो मी, ह्याला दोन वर्षं बांध म्हणून. तू दहाव्या गावाला जाऊन बसशील आणि मी इथे वाकडं बोट घेऊन, असं नाही जमायचं."

मला वाटलं होतं देवमाणूस.

"मग दर रविवारी मला हलका का मारलास?" मी विचारलं. "मारायचास ना कचकचून. मी उभा होतोच समोर."

तो जरा चिडलाच. "शेवटचा होता तो! शेवटचा असाच मारतात. त्यात तुझं-माझं काय आलं?" मग पट्टी गुंडाळत म्हणाला, "माफ-बिफ करायला मला जमत नाही, वेगार्ड. बघितलं करून. चेंडू तेवढा नीट मारता येतो."

"हाल्गेइरला सांगू?"

"कशाला? त्याला सांगून तू मोकळा होशील. राहा इथेच. बेट एवढंसं आहे, दुकान एकच. भेटलास की विचारत जा, बोट कसं आहे म्हणून. दर वेळी विचारायचं."

बाहेर आलो तर युरून टपरी आवरत होती. उरलेलं वॅफल तिनं न विचारता माझ्या हातात ठेवलं. जॅम नव्हता. मी ते उभ्यानं खाल्लं आणि तिचा तवा घासून दिला. तिनं तवा हातातून काढून घेतला नाही.

आज सकाळी बॅग उघडली. सगळी. शर्ट खणात लावले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाव संपला होता म्हणून दुकानात गेलो. ओद्वार पावाच्या फळीपाशीच उभा. तीन-चार माणसं होती आजूबाजूला. परत फिरावं असं वाटलं. पाय दाराकडे वळलेही होते.

"बोट कसं आहे?" मी विचारलं.

"दुखतंय," तो म्हणाला. पाव टोपलीत टाकला आणि पुढे गेला.